पत्र्यामागची पोस्टरं

माझी आत्या लाँड्रीत कामाला होती. लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. हॉटेलांच्या चादरी, इस्पितळांचे गाऊन, मंगल कार्यालयांचे टेबलक्लॉथ ट्रक भरून यायचे आणि ट्रक भरून परत जायचे, एवढी मोठी लाँड्री. आत्या रोलरवर होती. दोघीजणी अलीकडून ओली चादर आत सरकवायच्या आणि दोघी पलीकडून ती गरम, कोरडी, कडक होऊन आलेली चादर झेलून तिची घडी घालायच्या. हे काम तिच्या हातात इतकं मुरलं होतं की घरी साधा टॉवेल दिला तरी ती त्याची दोन टोकं धरून समोरच्याकडे बघत उभी राहायची. आतोबा म्हणायचे, "लग्नानंतर ही माझ्याशी पहिलं वाक्य काय बोलली असेल? 'तिकडचं टोक धरा.'"

आतोबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर लोकांना वरखाली नेणारी यंत्रं सांभाळून ते घरी यायचे आणि बिनलिफ्टच्या इमारतीचे तीन जिने धापा टाकत चढायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. आमचं घर दोन गल्ल्या सोडून होतं आणि आई-बाबा दोघंही नोकरीवर, त्यामुळे मी बरीचशी आत्याकडेच वाढले. म्हणून पोस्टरांची ही सगळी हकीकत मला आतून ठाऊक आहे.

लाँड्रीच्या मागं एक अरुंद गल्ली होती आणि गल्लीच्या टोकाला जुनं गोदाम. आत्या कामाला लागली त्याच सुमारास कुणा हौशी माणसानं ते भाड्यानं घेतलं, आत लाकडी मंच ठोकला आणि रॉकचे कार्यक्रम सुरू केले. नावाजलेले बँड तिथं कधी फिरकले नाहीत. यायची ती आसपासचीच पोरं-पोरी. कुणी दिवसा बँकेत खर्डेघाशी करणारं, कुणी कॉलेजातून काढून टाकलेलं, कुणी वडिलांच्या रंगाच्या दुकानातून चोरून आलेलं. बँड जमायचा, दणक्यात एक-दोन कार्यक्रम करायचा आणि कुणाचं तरी लग्न ठरलं किंवा गिटारवरून भांडण झालं की मोडायचा. पण पोस्टर मात्र प्रत्येक कार्यक्रमाचं निघायचं. आणि ते चिकटवायला गल्लीत एकच लांबलचक भिंत होती, ती लाँड्रीची.

पोस्टरं चिकटवणाऱ्या माणसाला सगळे खळकाका म्हणायचे. कॉलरी कडक करायला केलेली खळ संध्याकाळी लाँड्रीत उरायची, ती तो बादलीतून घेऊन जायचा आणि पोस्टरांना फासायचा. जुनं पोस्टर काढायचे कष्ट त्यानं कधी घेतले नाहीत. जुन्यावर नवं, त्याच्यावर आणखी नवं. भिंत दरवर्षी जाड होत चालली होती.

एकदा एक कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला. खळकाका उरलेली पोस्टरं कचऱ्याच्या पिंपात कोंबत होता आणि आत्या मागच्या पायरीवर डबा खात बसली होती.

"एक मला द्याल?" तिनं विचारलं.

"अगं पोरी, कार्यक्रम रद्द झालाय."

"पोस्टर कुठं रद्द झालंय?"

खळकाका हसला आणि त्यानं त्यातल्या त्यात न चुरगळलेलं एक काढून दिलं. पिवळ्याधमक कागदावर निळ्या शाईत गिटार घेतलेली एक मुलगी. अक्षरं हातानं कापून छापलेली, त्यामुळे एक थोडं वर, एक थोडं खाली, जणू ओळीनं उभी राहिलेली पण एकमेकांना कोपरखळ्या मारणारी मुलं. आत्यानं ते घरी आणलं, रोलरवरच्या जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळलं आणि कपाटावर ठेवलं. तिथून जे सुरू झालं, ते खळकाकाकडे एखादं पोस्टर उरलं की घरी आणायचंच.

तिला त्या गाण्यांचं वेड होतं असं वाटेल कुणाला. तसं अजिबात नव्हतं. लग्न झाल्यावर आतोबांनी मोठ्या हौसेनं एका कार्यक्रमाची तिकिटं काढली होती. आत्यासमोर नेमका एक ताडमाड माणूस उभा राहिला. तिला त्याच्या पाठीवरचा घामाचा डाग सोडून काही दिसलं नाही आणि ड्रमच्या आवाजानं तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. बाहेर पडल्यावर आतोबा म्हणाले, "काय गं, ही गाणी होती की भांड्यांची मांडणी कोसळली?" त्यावर आत्या म्हणाली, "गाणी असू द्या हो. दारावरचं ते पोस्टर सुटत आलंय, जरा उचला मला." आणि आतोबांनी भर रस्त्यात बायकोला खांद्यावर घेतलं.

मी मोठी झाल्यावर तिला एकदा विचारलं होतं, की नेमकं काय आवडतं तुला त्यात. तिनं हातातली घडी पुरी केली. मग म्हणाली, "त्यात अजून काहीच बिघडलेलं नसतं बघ. तार तुटलेली नसते, घसा बसलेला नसतो, खुर्च्या रिकाम्या नसतात. सगळं व्हायचंच असतं अजून. एवढ्या उमेदीनं छापलेला कागद फाडून टाकायचा म्हणजे जिवावर येतं माझ्या."

पोस्टरं वाढली तसं कपाट पुरेना. आतोबांनी कुरकुर करत करत पलंगाखाली बसेल असा रुंद, उथळ लाकडी खण बनवला, त्याला लिफ्टच्या दाराची जुनी चाकं लावली. खण इतका अलगद सरकायचा की नुसत्या बोटानं बाहेर यावा. "पलंगाखाली एवढे बँड झोपलेत," ते पाहुण्यांना सांगायचे, "पण घोरतो एकटा मीच."

एक मात्र होतं. आत्या तशी हातची सढळ. शेजारणीला अर्धं ताट देऊन स्वतः उरलेल्यावर भागवणारी. पण पोस्टराच्या बाबतीत पक्की चिक्कू. माझ्या बाबांनी, म्हणजे तिच्या सख्ख्या भावानं, नव्या घराच्या भिंतीला लावायला एक मागितलं तर तिनं त्याला स्वतः शिवलेले पडदे दिले, गालिचा दिला, पोस्टर दिलं नाही. बघायचं तर हात धुवून, पुसून, मागं बांधून बघायचं. मला तर शिंक आली तरी खोलीबाहेर जावं लागायचं.

पुढं गोदामातले कार्यक्रम बंद पडले. तिथं फरशांचा साठा आला. गल्ली ओस पडली, खळकाका थकला आणि एका हिवाळ्यात गेला. लाँड्रीच्या मालकांना ती फुगलेली, पोपडे आलेली भिंत डोळ्यांसमोर नको झाली. "धंदा स्वच्छतेचा आणि भिंत ही अशी," म्हणून त्यांनी आख्ख्या भिंतीवर पत्रे ठोकून घेतले. आत्याचा संग्रह तेव्हापासून खुंटला. रद्दीवाल्याकडे एखादं मिळालं तर मिळालं. वर्षं गेली. मोठे मालक जाऊन धाकटे मालक आले, रोलर बदलला, आत्याच्या केसांत चांदी आली आणि पत्र्याला गंज चढला.

तिच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले असताना धाकट्या मालकांनी मागची बाजू दुरुस्त करायला काढली. पत्रे उतरवले. आत्या चहाच्या सुट्टीत मागं गेली आणि जागच्या जागी खिळली. पत्र्यामागं ऊन-पाऊस काही पोचलं नव्हतं. खळकाकानं उभ्या हयातीत एकावर एक चिकटवलेलं सगळं तसंच होतं. वळकटीसारखं जाड आणि कडेनं पाहिलं तर वहीच्या पानांसारखे थर. वरच्या पोस्टराचे रंग काल छापल्यासारखे.

ती तशीच धाकट्या मालकांच्या खोलीत गेली. हे सगळं नंतर मालकांनीच मला हसत हसत सांगितलं.

"मालक, त्या भिंतीचं काय करणार?"

"खरवडून प्लास्टर. सोमवारी गवंडी येतायत."

"मग रविवार मला द्या."

"रविवार? लाँड्री बंद असते मावशी."

"म्हणूनच म्हणते. बॉयलर चालू ठेवायचा, एक नळी मागच्या दारातून बाहेर. वाफ लागेल मला."

"आणि त्या कागदांचं करणार काय तुम्ही?"

"ते मला अजून ठाऊक नाही," आत्या म्हणाली. "पण खरवडायला मी देणार नाही."

मालकांनी तिला इतकी वर्षं मान खाली घालून रोलरमध्ये चादरी सरकवताना पाहिलं होतं. तिनं काही मागितल्याचं त्यांना आठवत नव्हतं. ते म्हणाले, "बॉयलरवाले काका तयार असतील तर माझी हरकत नाही." काका तयारच होते. आत्याच्या डब्यातलं त्यांनी आयुष्यभर खाल्लं होतं.

रविवारी सकाळी गल्लीत जत्रा भरली. रोलरवरच्या तिघी मैत्रिणी आल्या, मी आले, आणि आतोबा आले ते एक विचित्र पत्र्याचा डबा घेऊन. पसरट, एका बाजूला भोकंच भोकं, मागं नळी जोडायची सोय. रात्रभर खपून बनवलाय म्हणाले. डबा भिंतीला टेकवायचा, वाफ सोडायची, खळ मऊ झाली की रुंद पात्यानं कडेनं उचलायचं. थर सुटे करायचे नाहीत, तो आत्याचा हुकूम. "आत्ता भिंतीपासून सोडवू. एकमेकांपासून सोडवायला जन्म पडलाय."

पहिला तुकडा दाराच्या फळीएवढा निघाला. तो सुटला तसा आत्या ओरडली, "धरा!" आणि मैत्रिणींनी ओली चादर अशी पसरून झेलला की रोलरवरून आलेला टेबलक्लॉथच झेलावा. माझे हात वाफेनं लाल झाले. आतोबांची डबा धरून धरून मान आखडली. दुपारी वरच्या खिडकीतून कुणीतरी ओरडून विचारलं, "काय चाललंय?" त्यावर आतोबा म्हणाले, "बायकोचं माहेर सोडवून नेतोय."

संध्याकाळी भिंत उघडी झाली आणि चादरींत गुंडाळलेले तुकडे टेम्पोत भरले गेले. तीन जिने ते चढवताना सगळ्यांच्या नाकी नऊ आले.

आता खरं काम सुरू झालं. आत्याच्या न्हाणीघरात फळ्यांची मांडणी उभी राहिली. एकेक तुकडा वाफेवर धरायचा, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा आणि थर आपोआप सैल होईपर्यंत वाट बघायची. आंघोळीची सोय शेजाऱ्यांकडे. आतोबा खांद्यावर टॉवेल टाकून रोज सकाळी समोरचं दार वाजवायचे आणि म्हणायचे, "आमच्या न्हाणीघरात पाहुणे आलेत."

सुरुवातीला घात झाला. आत्याला धीर निघेना. पहिल्याच तुकड्याला तिनं वाफ जास्त दिली, नखानं कड उचलली आणि वरचं पोस्टर खालच्याची शाई घेऊन निघालं. दोन्ही गेली. हातात नुसता जांभळा लगदा राहिला. ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली आणि ढसाढसा रडली. मी तिला तसं रडताना कधी पाहिलं नव्हतं. आतोबा शेजारी बसले. त्यांनी लगदा तिच्या हातातून काढून घेतला, बादलीत ठेवला आणि म्हणाले, "लिफ्ट अडकली की आतली माणसं दार ओढतात. ओढलं की ती जास्त अडकते. मी बाहेरून एकच सांगतो, काही करू नका, उभे राहा."

"म्हणजे मी काही करू नको?"

"उद्या सकाळपर्यंत करू नको."

ती तेव्हापासून वाट बघायला शिकली. कागद सुटायला तयार झाला की तो स्वतःच कडेला किंचित वर उचलला जातो, हे तिला कळलं. मग ती फक्त त्याच्या मागोमाग जायची. थरामागून थर सुटायला लागले. काही फाटकी, काहींचा अर्धाच चेहरा उरलेला, पण बरीचशी धड. मागच्या बाजूला खळकाकाच्या अंगठ्यांचे ठसे. सुटलेलं पोस्टर ती गॅलरीतल्या दोरीवर चादरीच्या पट्ट्यांत अडकवून वाळत घालायची. रस्त्यावरचे लोक माना वर करून बघत जायचे.

एका सकाळी खाली जोरात ब्रेक लागला. मी गॅलरीत होते. आमच्या रस्त्यानं जाणारी शहर बस अगदी मधोमध थांबली होती. मागं गाड्यांनी भोंग्यांचा नुसता कल्ला केला होता. ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली गेली आणि तिथून एक बाई निम्मी बाहेर आली. पिकलेले केस, गणवेशाची टोपी.

"अहो ताई!" ती माझ्याकडे बघून ओरडली. "तो कागद! तो हिरवा!"

"काय झालं त्याचं?"

"ती मी आहे!"

मी वळून पोस्टराकडे बघितलं. हिरव्या कागदावर माईक गिळायला निघाल्यासारखं तोंड उघडलेली एक पोरगी. खाली बसकडे बघितलं. बाईचं तोंड अगदी तसंच उघडं होतं. मागच्या ट्रकवाल्यानं शिवी हासडली, तशी ती बाई, "येते मी! सुट्टीला येते! काढू नका!" असं ओरडत बस घेऊन गेली.

आणि ती खरंच आली. गणवेश नव्हता, केस धुतलेले. पलंगावर अगदी कडेला बसली. आत्यानं नेहमीप्रमाणे हात धुवायला लावले आणि पोस्टर समोर पसरलं. बाईनं हात मागं धरून त्यावर डोळे फिरवले. मग बोलायला लागली ती थांबेना.

"एकच कार्यक्रम झाला आमचा. चौघं होतो. घरी सांगितलं होतं, मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते. दुसऱ्या दिवशी वडिलांनी हे पोस्टर भिंतीवर बघितलं. मारलं नाही, पण महिनाभर बोलले नाहीत. संपलं मग ते. पुढं लग्न, मुलगा, नवरा लवकर गेला, मग बसचं लायसन काढलं. मुलाला सांगते मी, अरे, मी गायचे. तो म्हणतो, हो हो आई, आणि मी चंद्रावर जाऊन आलो. तसा वाईट नाही तो. पण माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं ना."

चहा झाला. ती उठली. मागायचं धाडस तिला झालं नाही, पण दारापर्यंत जाताना तिनं तीनदा मागं बघितलं. आत्या कपबशा गोळा करत राहिली.

दार लागल्यावर आतोबा म्हणाले, "काय?"

"एकच आहे ते," आत्या म्हणाली. "दुसरं नाही. पुन्हा निघणारही नाही."

"मी कुठं काय म्हणालो?"

"म्हणू पण नका."

त्या आठवड्यात आत्याचं कशात लक्ष लागलं नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं. खण उघडायची, हिरवं पोस्टर बघायची, बंद करायची. एकदा मी गेले तर ती पलंगाशी जमिनीवर बसली होती. मला म्हणाली, "मी ते पोस्टर सांभाळलं कुणासाठी गं? मला वाटायचं माझ्यासाठी. पण त्यात मी कुठंच नाही. तिचा चेहरा आहे, तिची संध्याकाळ आहे. मी आपली भिंतीसारखी. भिंतीनं धरून ठेवलं, आता मी धरून ठेवते."

मग तिनंच उठून माळ्यावरून दोन पातळ फळ्या काढल्या, पोस्टर त्यांच्यामध्ये घातलं, पट्ट्यांनी बांधलं आणि म्हणाली, "चल, डेपोत जाऊ."

डेपोत बाईंची गाडी सुटायच्या बेतात होती. आम्ही चढलो. आत्या फळ्या मांडीवर उभ्या धरून पहिल्या सीटवर बसली, आणि बाईंनी आरशातून पाहिलं.  त्या दिवशी बस इतकी हळुवार चालली की उतारू कुरकुरायला लागले. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरल्यावर बाई सीटवरून उठून आल्या.

"हे तुमचं," आत्या म्हणाली. "उन्हात लावू नका. ओल लागू देऊ नका. आणि मुलाला हात धुवून बघायला सांगा."

बाईंनी फळ्या छातीशी धरल्या आणि तोंडावर टोपी ओढली. रिकाम्या बसमध्ये त्या हुंदके देत राहिल्या आणि आत्या त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.  घरात शिरताच तिनं आतोबांना एवढंच सांगितलं, "दिलं."

आतोबांनी कपाळाला हात लावला. "सख्ख्या भावाला दिलं नाहीस, आणि बसवालीला?"

"भाऊ पोस्टरात नव्हता," आत्या म्हणाली.

मग तोच तिचा नियम झाला. ज्याचं नाव किंवा चेहरा पोस्टरावर आहे, त्याचं ते पोस्टर. देण्याआधी मी पोस्टराचा फोटो काढायचा, आणि आलेल्या माणसानं चहा पिऊन त्या दिवशी काय झालं ते सांगायचं. बाकी काही नको. बसवाल्या बाईंनी आपल्या बँडमधल्या दोघांना शोधून काढलं, त्या दोघांनी आणखी कुणाकुणाला. लोक यायला लागले. चष्म्याच्या दुकानातला एक गृहस्थ आला. एक आजी आली, तिनं गिटार वाजवण्यासाठी वाढवलेली नखं अजून तशीच ठेवली होती. दोन भाऊ आले. ते वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. पोस्टर एकच, त्यामुळे ते कुणाच्या घरी राहणार यावरून त्यांना बोलावंच लागलं. अजून भांडतायत म्हणे, पण रोज फोनवर भांडतात.

एकदा एक माणूस आपल्या गेलेल्या बहिणीच्या बँडचं पोस्टर शोधत आला. ते नव्हतं. आत्यानं सगळा खण उलटापालटा केला, न्हाणीघरातला राहिलेला एक तुकडा त्याच्यासमोर उघडला. त्यातही नव्हतं. तरी तो तासभर बसला आणि बहिणीविषयी सांगत राहिला. जाताना म्हणाला, "इतकं सलग मी तिच्याविषयी कधी बोललोच नव्हतो." आत्या त्या दिवशी जेवली नाही. पण पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला, नुसता बसायला, आणि आता येतच असतो.

खण हळूहळू रिकामा होत चालला आहे. आत्या निवृत्त झाली, आतोबाही झाले. मला भीती होती की रिकाम्या खणाकडे बघून ती खचेल. पण घरात बेल वाजायची थांबत नाही आणि कप कायम कमी पडतात. ती म्हणते, "पूर्वी यांना हात लावू द्यायचा नाही म्हणून राखण करायचे. आता कुणाच्या हातात द्यायचं म्हणून राखण करते. काम तेच, पण जीव हलका आहे."

गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा एक उंच, वाकलेले आजोबा पोस्टरापुढं बसले होते. ड्रम वाजवायचे म्हणे. आयुष्य नळदुरुस्तीत गेलं. लाल-काळं पोस्टर होतं, खाली चौघांची नावं. आजोबा आनंदले नव्हते. नावांवर बोट ठेवून ते घुश्शात होते.

"बघा. अजून तसंच आहे."

"काय झालं?" आत्यानं विचारलं.

"माझ्या नावातला काना राहिलाय! छापणाऱ्यानं खाल्ला. एका कान्यासाठी मी त्याच्याशी हमरीतुमरीवर आलो होतो. म्हणाला, आता दगडावर कोरल्यासारखं आहे, बदलत नाही. वर्षभर आख्ख्या गल्लीनं मला भलत्याच नावानं हाक मारली." त्यांनी आत्याकडे बघितलं. "पेन्सिल आहे का?"

आत्या दचकली.  जुन्या पोस्टरावर पेन्सिल! हिनं एकेकाळी मला शिंकूही दिलं नव्हतं.

"अहो, खराब होईल ते," ती म्हणाली.

"खराब आत्ताच आहे. माझं नाव नाहीये त्याच्यावर."

आतोबा पेपर खाली ठेवून बघत होते. आत्यानं वाकून ते नाव वाचलं. मग उठली, स्वयंपाकघरात गेली आणि सुरीनं टोक काढत काढत पेन्सिल घेऊन आली. टोक अंगठ्यावर टेकवून पाहिलं, जरासं बोथट केलं.

"हात धुतलेत ना?"

"तुम्हीच धुवायला लावले."

"हं. हळू ओढा मग. वरून खाली. कागद मऊ आहे."

आजोबांनी जीभ दातांत धरली, आणि आत्यानं त्यांचं मनगट खालून धरलं.